सगळ्यांचे शांतवनराव

उपासना संपून शेवटचं आमेन माझ्या पेटीतून पुरतं बाहेर पडायच्या आत शांतवनराव पाळक देवळाच्या दाराशी पोचलेले असायचे. एरवी गुडघे धरून चालणारा माणूस, पण त्या वेळची त्यांची चाल बघावी. एकही माणूस हातून निसटून जाता कामा नये. प्रत्येकाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ते विचारायचे, "कसं झालं आज?" म्हणजे उपदेश कसा झाला. "बरा झाला" असं कुणी म्हटलं की त्यांना दुपारचं जेवण गोड लागत नसे. "लई ग्वाड झाला, पाळकसायेब" म्हटलं की ते त्या माणसाच्या नातवंडांची, म्हशीची, विहिरीच्या पाण्याची चौकशी करत त्याला पायरीपर्यंत सोडायला जायचे.

एकदा त्यांनी माणसांची मर्जी राखू नये, देवाची राखावी, या विषयावर उपदेश केला. खोटं कशाला सांगू, सुरेख केला. शेजारीपाजारी काय म्हणतील या धाकानं जो चुलीपासून देवळापर्यंत वागतो, त्याला देवानं कशावरून ओळखायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. मग आमेन झालं आणि हा गृहस्थ धावत दाराशी जाऊन उभा! "कसं झालं आज?" एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "चांगलं झालं, पर जरा लांबलं." पुढच्या रविवारी उपदेश सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. तेव्हा दुसरं कुणीतरी म्हणालं, "आज लौकर आटपलासा?" त्याच्या पुढच्या रविवारी पोटातले कावळे ओरडून थकले तरी आम्ही आपले बसलेलोच.

मी त्या काळी निपाणीला मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. पाळकांच्या घराची आणि माझ्या खोलीची भिंत एकच होती, त्यामुळे त्यांच्या ओसरीवरचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं. देवळात मी पेटी वाजवायचे. पेटी समोर, एका बाजूला, मंडळीकडे तोंड करून ठेवलेली. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, पण पेटीवालीला कुठं सूर धरायचा ते बघावं लागतं, म्हणून माझे उघडे असायचे. शांतवनरावांचाही एक डोळा उघडा असायचा. कोण कोण आलंय ते बघायला.

मी त्यांना अहोजाहो करते आहे ते वळण म्हणून. मनात मी त्यांना अरेतुरेच करत आले, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाला निदान स्वतःचं असं काहीतरी हवं असतं. यांना तेही नव्हतं. मराठी माणसाला "व्हय व्हय", कन्नड माणसाला "हौदु हौदु" आणि साहेबाला "यस यस" एवढं म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. त्यांची बायको मार्थाबाई एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "लगीन होऊन इतकी वर्सं झाली बाई, ह्यास्नी कंची भाजी आवडती ते मला अजून ठावं न्हाय. जी करीन ती लई आवडती म्हणत्यात." ती हे कौतुकानं सांगत नव्हती.

मिशनचा नियम होता, ख्रिस्ती माणसानं तंबाखू खायची नाही, ओढायची नाही, विकायची नाही. आता निपाणीत राहून हा नियम! तिथं वाराही तंबाखूचा, भाकरीलाही वास तंबाखूचा. आमच्याच मंडळीतल्या एकानं तंबाखूची वखार घातली आणि पाळकांना प्रार्थनेला बोलावलं. नाही म्हटलं तर वखारवाला दुखावणार, हो म्हटलं तर बेळगावला राहणाऱ्या मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या कानावर जाणार. शांतवनराव गेले. तंबाखूनं भरलेल्या बोदांच्या थप्पीसमोर उभे राहून त्यांनी प्रार्थना केली, "हे प्रभू, या पानांवर तुझी कृपा असू दे. तूच पानं उगवतोस, तूच वाळवतोस." तंबाखूचं नाव शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. ऐकणाऱ्याला वाटावं विड्याच्या पानांचा मळा आहे. धुरळ्यानं सगळे शिंकत होते, पाळकांना तर आमेनच्या ठिकाणीच शिंक आली. साहेबांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "वखारवाल्याच्या आत्म्यासाठी गेलतो, साहेब." आणि वखारवाल्यानं विचारलं, मालाचं नाव का घेतलं नाहीत, तर म्हणाले, "देवाला काय सांगाय लागतंय व्हय?"

दोघा भावांचं बांधावरच्या चिंचेवरून भांडण लागलं तेव्हाही असंच. थोरल्याला यांनी सांगितलं, झाड तुझंच. धाकट्यालाही सांगितलं, तुझंच. दोघं एकाच दुपारी त्यांच्या ओसरीवर आले आणि एकमेकांना म्हणाले, "पाळकांनाच इचार." त्यावर शांतवनरावांनी काय करावं? गुडघे टेकून प्रार्थना सुरू केली. ती इतकी लांबवली की धाकटा उठून गेला आणि थोरल्याला डुलकी लागली. चिंच पुढं वाळून गेली, कुणाचीच झाली नाही.

या माणसाचा सगळा कारभार कुजबुजीवर चालायचा, हे ध्यानात घ्या. प्रत्येकाला बाजूला घ्यायचं, खांद्यावर हात टाकायचा, कानाशी लागायचं आणि त्याला हवं ते सांगायचं. चार माणसांत मोठ्यानं एकच गोष्ट बोलायची वेळ ते कधी येऊच देत नसत. ती वेळ त्यांच्यावर आणली सलोमीनं.

सलोमी गावातले संडास साफ करायची. पहिलं नाव यल्लव्वा. उंच, हाडापेरानं मोठी, आणि ठार म्हणण्याइतकी बहिरी. कानाशी ओरडलं तर ऐकू यायचं, आणि ती स्वतः बोलायची तेही शेतातून हाक मारल्यासारखी. बाप्तिस्मा साहेबांनी स्वतः दिला. त्याच दिवशी तिनं साहेबांना विचारलं, "मला ऐकू येत न्हाय, कुठं बसू?" साहेबांनी पुढचं बाक दाखवलं. ती जाऊन बसली.

आता आमच्या देवळात बाकं होती आणि चटया होत्या. बाकांवर कुणी आणि चटयांवर कुणी, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ज्यानं त्यानं आपली जागा ओळखलेली होती. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. त्या रविवारी पाळक भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन आधी बाकांपाशी जायचे, मग चटयांकडे. रस म्हणजे मार्थाबाईनं मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेला. प्याला एकच, चांदीचा मुलामा दिलेला, विलायतेहून आलेला. सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. बाकांचे ओठ आधी, चटयांचे नंतर, अशा रीतीनं आमच्यात समता नांदत होती. सलोमी बसली ती पुढच्या बाकाच्या अगदी कडेला. प्याला आधी तिच्या तोंडाला लागणार आणि तिच्यानंतर त्याच बाकावरच्या दानिएलअण्णांच्या बायकोच्या.

दानिएलअण्णा हे मंडळीचे वडील. वडील हा आमच्यात हुद्दा असतो, वयाशी संबंध नाही. लाकडाचं आणि कौलांचं मोठं दुकान, भरघोस मिशा. आजा ख्रिस्ती झाला तेव्हा पाटीलकी गेली, पण नातवाच्या बोलण्यातून ती जात नव्हती. "आम्ही ख्रिस्ती हाव, पर पाटलातलं ख्रिस्ती," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुण्यांना त्यात काही वावगं दिसायचं नाही.

ते पाळकांच्या ओसरीवर आले. मी भिंतीपलीकडे होते.

"पाळक, ती बाई गावाचं संडास काढती. तिनं तोंड लावल्याला प्याला माझ्या बायकूनं तोंडाला लावायचा व्हय?"

"न्हाय न्हाय, अण्णा! कसं लावतील?"

"मग तिला चटईवर बसवा."

"बसवलंच असतं. पर साहेबांनी बसवलीया तिथं."

"मग आमी येत न्हाय."

"असं कसं, अण्णा? तुमच्याबिगार मंडळी ती काय? मी करतो कायतरी."

काय केलं, तर एक पितळी फुलपात्र आणलं. नवं कोरं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. अण्णांना कानात सांगितलं, "तिला ह्यातनं देतो. तुमचा प्याला तुमचाच." साहेबांना सांगितलं, बाईला जुना खोकला आहे, आरोग्याच्या दृष्टीनं वेगळं भांडं बरं. सलोमीच्या कानात कुजबुजून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला शाळेच्या मागं नेलं. तिथं कुणी नाही असं त्यांना वाटलं. मी वर्गात वह्या तपासत होते. "सलोमी!" ते तिच्या कानाशी ओरडले, "तुझ्यासाठी खास आणलंया! नवं हाय! कुणाचं ओठ लागलं न्हाईत त्याला!"

त्या बाईला जन्मात कुणी नवं काही दिलं नसावं. तिनं ते फुलपात्र दोन्ही हातांत घेतलं, फिरवून बघितलं, कपाळाला लावलं. पाळकही भरून आले. मला वाटतं त्या घटकेला त्यांना खरंच वाटलं असेल की आपण तिचा मान केला. अशा माणसांना आपलं खोटं सगळ्यांत आधी स्वतःलाच पटतं. मला तिथून उठून दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण मधली सुट्टी संपली आणि मुली आत आल्या.

पहिल्या रविवारी सलोमी फुलपात्रातून प्याली आणि रडली. अण्णांच्या घरची मंडळी चांदीच्या प्याल्यातून प्याली. साहेब समाधानी, अण्णा समाधानी, सलोमी समाधानी. शांतवनराव दाराशी उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडावर तेज होतं.

पुढचं मला सलोमीनंच सांगितलं, नेहमीप्रमाणं अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं. ती आपल्या गल्लीतल्या बायांना सांगायला गेली की पाळकसायबांनी माझ्यासाठी वेगळं भांडं केलंय. त्यांतली एकजण तिच्या कानाशी ओरडली, "अगं खुळे, स्टँडावरच्या हाटेलात आपल्यासाठनं कपबशी येगळी ठेवत्यात, भाईर, खिळ्याला. तसलंच हाय हे. त्येची कपबशी फुटकी, तुझ्या पाळकाचं भांडं चकचकीत." बाया हसल्या. सलोमी म्हणाली, "मला हसू आलं न्हाय, बाई. मला एकदम समदं कळालं."

पुढच्या महिन्याचा प्रभुभोजनाचा रविवार. साहेब बेळगावहून मोटारीनं आले होते, समोर खुर्चीवर बसले होते. भाकर वाटून झाली. शांतवनरावांनी एका हातात प्याला घेतला, दुसऱ्या हातात फुलपात्र, आणि पुढच्या बाकाशी येऊन फुलपात्र सलोमीपुढं धरलं. तिनं ते बाजूला सारलं आणि प्याल्याकडे हात केला.

"मला त्यातलं द्या."

शांतवनराव वाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. सवयच ती.

"काय?" सलोमी म्हणाली. "मोठ्यानं बोला. मला ऐकाय येत न्हाय."

ते आणखी वाकले. ओठ हलले.

"मोठ्यानं बोला की!"

मी पेटीवरून त्यांचं तोंड बघत होते. एका बाजूला साहेब, एका बाजूला अण्णा, समोर ही बाई, आणि तिघांना तीन गोष्टी सांगून ठेवलेल्या. आता एकच मोठ्यानं म्हणायची होती. शेवटी ते ओरडले, "तुला खोकला हाय!"

"मला?" सलोमी थक्क होऊन म्हणाली. "मला कुठला खोकला? मी बहिरी हाय!"

मागं चटईवर कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णा बाकावरून अर्धे उठले. साहेबांनी चष्मा काढला. सलोमीचा हात तसाच पुढं होता. एवढंच करायचं होतं, प्याला त्या हातात द्यायचा. देवाला खूश करायची याहून सोपी संधी कुठल्या पाळकाला मिळाली असेल, मला ठाऊक नाही. शांतवनरावांनी साहेबांकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि मग जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. त्यांनी प्याला स्वतःच्या तोंडाला लावला आणि गटागटा सगळा पिऊन टाकला. सगळ्या मंडळीचा रस! एकाही माणसाला अजून थेंब मिळालेला नव्हता. मग मिशी पुसून ते म्हणाले, "रस संपला. आज एवढंच."

"संपला कसा?" बायकांच्या बाजूनं मार्थाबाई म्हणाली. "घरात आख्खी बाटली हाय की भरल्याली."

शांतवनरावांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तीच पापी. सलोमीनं त्यांच्या हातातला प्याला वाकवून आत बघितलं.

"समदा तुमीच प्यालासा?" ती म्हणाली.

त्यांनी आशीर्वाद उरकला. मी पेटीवर काय वाजवलं ते मला आठवत नाही. इतकं आठवतं की शेवटचा सूर निघायच्या आत ते दाराशी होते आणि एकेकाचा हात धरून कुजबुजत होते. साहेबांना म्हणाले, बाईच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय. अण्णांना म्हणाले, "निभावलं बघा कसंतरी." मला म्हणाले, "बाई, तुम्ही तरी समजून घ्या." मी हात दिला नाही.

साहेबांनी त्यांना बेळगावला बोलावून चांगलं झापलं असं कळलं. पण झापण्यापलीकडे साहेबांनीही काही केलं नाही, कारण शाळेच्या नव्या छपराचं लाकूड अण्णा देणार होते. सलोमीनं येणं सोडलं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. तिनं सोडलं नाही. दर रविवारी त्याच बाकाच्या कडेला बसायची. प्रभुभोजनाला फुलपात्र पुढं आलं की मान हलवायची आणि प्याल्याकडे हात करायची. पाळक तिला ओलांडून अण्णांच्या बायकोकडे जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. मंडळीतल्या बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं, हट्टी म्हणून. मी एकदा तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "सलोमी, एवढा अपमान होतो, का येतीस गं?"

"मी काय पाळकाच्या घरला येती व्हय?" ती म्हणाली. "ज्येच्या घरला येती त्येनं अजून भाईर जा म्हटलं न्हाय."

मला त्या बाईचा हेवा वाटला, आणि आमच्या सगळ्या बाकांची किळस.

मग दुसरं महायुद्ध संपलं, साहेब विलायतेला गेले, शांतवनराव निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर ते आणखी केविलवाणे झाले, कारण आता विचारायला दार उरलं नव्हतं. बाजारात भेटलं की नव्या पाळकाबद्दल विचारायचे, "माझ्यासारखं बोलतो काय हो?" नवा पाळक धारवाडकडचा तरुण. त्याला मागचं काही माहीत नव्हतं आणि सांगायची कुणाला लाजच वाटत होती. आला त्याच महिन्यात प्रभुभोजनाच्या आधी त्यानं फुलपात्र बघून विचारलं, हे कशाला? त्यानं ते कपाटात ठेवून दिलं. पण सलोमीचा गुडघा मोडला होता, तिला त्या दिवसांत देवळापर्यंत येववत नव्हतं. तिच्यापर्यंत प्याला गेला नव्हताच.

स्वराज्य तोंडावर आलं होतं तेव्हा शांतवनरावांना अर्धांगवायूचा झटका आला. एक अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. डॉक्टरनं आशा सोडली तेव्हा नवा पाळक त्यांना घरी प्रभुभोजन द्यायला निघाला. आमच्यात अशा वेळी खोलीत जे असतील त्या सगळ्यांनी त्यात भाग घ्यायचा असतो. मार्थाबाई होती, मी होते. दानिएलअण्णा आले होते, खादीची टोपी घालून. ते नगरपालिकेला उभे राहणार होते आणि गावातल्या एकूण एक वस्तीत हात जोडत फिरत होते. आणि काठी टेकत सलोमी आली. कुणी बोलावलं तिला, मला ठाऊक नाही. ऐकू यावं म्हणून ती थेट उशाशीच जाऊन बसली.

तरुण पाळकानं प्रार्थना केली. भाकर दिली. मग चांदीचा प्याला घेतला आणि उशाशी जी बसली होती तिच्याकडे आधी धरला. सलोमीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्याली. घाई नाही, रडणं नाही. डोळे मिटले आणि परत दिला.

पाळकानं प्याला आजाऱ्याच्या ओठांशी नेला. मी मनात म्हटलं, घे रे. आता तरी घे. मरणाच्या दारात आहेस, आता कुणाचं काय जातंय? आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसासाठी काहीतरी मागावंसं वाटलं आणि मी मागितलं. शांतवनरावांनी ओठ घट्ट मिटले. त्यांचा चांगला डोळा खोलीभर फिरला आणि अण्णांवर जाऊन थांबला. त्यांनी मान हलवली. नको.

"राहू दे, त्यांना त्रास होत असेल," असं म्हणून तरुण पाळकानं प्याला अण्णांकडे नेला. अण्णांनी सलोमीकडे एक नजर टाकली, तिच्यामागं उघड्या दारात तिच्या वस्तीतली चारपाच माणसं उभी होती त्यांच्याकडे टाकली, आणि प्याला तोंडाला लावून प्याले. मिशा पुसून दाराकडे तोंड करून म्हणाले, "आता भेदभाव न्हाय ऱ्हायला. समदी एकच."

त्यासरशी खाटेवर हालचाल झाली. शांतवनरावांचा धड हात वर आला, बोटं प्याल्याकडे वळली, बोबड्या तोंडातून शब्द फुटले, "मला… मला पण." पाळकानं परत येऊन त्यांच्या तोंडात रस घातला. थोडा हनुवटीवरून ओघळला, मार्थाबाईनं तो पदरानं टिपला. सलोमीनं त्यांचा हात धरला होता, पण त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. आपण प्यालो हे अण्णांनी बघितलं का, एवढ्यासाठी त्यांचा डोळा दाराकडे लागला होता. अण्णा तेव्हा बाहेरच्या माणसांशी बोलत वहाणा घालत होते.